पॅनलवरची गोधडी

३ मार्च
सोलर पॅनल धुवायचा कंटाळा केला. आठवड्याची धूळ. दुपारी मधूचा फोन, थेट स्वीडनहून. ‘बाबा, वीज कमी दिसतेय. पॅनल पुसले नाहीत का?’ गच्चीवरचे सहा पॅनल लेकीनेच जायच्या आधी बसवून दिलेत, आकडे तिच्या मोबाइलवर दिसतात. महिनाभरातला पहिला फोन, तोही धुळीपायी. पण अकरा मिनिटं बोलली.

५ मार्च
पॅनल लख्ख. वीज झकास. फोन नाही.

६ मार्च
ट्रंकेतून हिची गोधडी काढली. ही असती तर ओरडली असती. सकाळी दहाला तीन पॅनलवर पसरली, चारला काढली. साडेबारालाच फोन! ‘नाशकात ढग आलेत का?’ ‘हो गं, भरून आलंय.’ इंदिरानगरात ऊन असं की गच्चीवर चप्पल काढवेना. सातपूरला तीस वर्षं फिटर होतो, कधी खोटी नोंद केली नाही. आणि आता हे.

७ मार्च
पुन्हा गोधडी, पुन्हा फोन. बोलणं लांबावं म्हणून विचारलं, उन्हाची वीज होते तरी कशी? खुलली. ‘उजेड पडला की सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन जागचा सुटतो. आत दोन थर असतात, त्यांच्या सांध्यापाशी तो एकाच बाजूला ढकलला जातो. सरळ मागे फिरता येत नाही. मग तारेतून बाहेर पडतो, तुमचा पंखा फिरवतो, आणि फेरा मारून दुसऱ्या बाजूने आत येतो.’
‘येतो ना परत?’
‘यावंच लागतं, बाबा. नाहीतर वीज चालूच राहणार नाही.’
मग म्हणाली, मीटिंग आहे.

९ मार्च
पकडला गेलो. ‘ढग रोज दहाला येतात, चारला जातात? इतके वक्तशीर?’ हसत होती. ‘काय टाकता वर?’ सांगितलं.
‘आईची? निळ्या काठाची?’
‘तीच,’ म्हटलं. मग ती म्हणाली, ‘उन्हात विटेल ती. नका टाकू. मीच करत जाईन फोन.’
गोधडी झटकून ट्रंकेत ठेवली. फार आठवण येते दोघींची.

१२ मार्च
तीन दिवस फोन नाही. कामात असेल.
आज अकरापासून आभाळ भरलंय. खरंखुरं. गच्चीवर जाऊन दोनदा बघून आलो. वीज निम्म्यावर. तिला वाटेल, म्हाताऱ्याने पुन्हा गोधडी टाकली. वाटू दे.
साडेबारा व्हायला पाच मिनिटं आहेत. फोन मांडीवर घेऊन बसलोय—