गटारातला बुटका

शनिवार, ८ जून

अधःपात. दुसरा शब्द नाही. ज्या टेबलावर आम्ही चौघांनी उभे तारुण्य पत्ते पिसण्यात सत्कारणी लावले, त्यावर आज औषधवाल्याने वीस बाजूंचा एक फासा ठेवला. "आजपासून पत्ते बंद. आपण पात्रं होऊन गोष्ट खेळायची. मी सूत्रधार. तुम्ही काय करता ते सांगा, जमतं की नाही ते फासा ठरवेल."

मी परशुधारी बुटका. मेहुणा चोर — अभिनयाचे कष्ट नाहीत. दंतवैद्य मांत्रिक. आणि कथारंभ कुठे? गटारात! औषधवाल्याने तिथल्या गाळाचे असे रसाळ वर्णन केले, की हातातले बिस्कीट खाली ठेवावे लागले.

रविवार, ९ जून

अद्याप मळमळते. सौभाग्यवती विचारते, "बुटक्याला लिंबूपाणी देऊ का?"

शनिवार, १५ जून

किळसपर्व, अध्याय दुसरा. मेहुणा फाशावर फुंकर घालतो — फुंकर कसली, तुषारसिंचन. तोच ओला फासा मग मजकडे. दंतवैद्य धूर्त; फाशाला शिवतच नाही. हात खिशात. "माझा तूच टाक रे, तुझा हात चांगला आहे." आळसाला दैवाची फोडणी. दवाखानाही रंगकामाच्या नावाखाली बंद ठेवून बसला आहे.

मंत्र मात्र खणखणीत रचतो, हे नाइलाजाने नमूद करतो. म्हणाला, "जन्मभर लोकांना तोंड उघडा म्हणालो. आता माझी पाळी."

शनिवार, २२ जून

गटार संपत नाही. निर्वाणीचा इशारा दिला: पुढल्या शनिवारी पत्ते, अन्यथा मी नाही.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, बुटक्याचा राग नाकावर, आणि नाक आमच्या गुडघ्याशी."

दंतवैद्य हसला नाही. "आण पत्ते," एवढेच. औषधवाला त्याच्याकडे पाहत राहिला.

शनिवार, २९ जून

पत्ते नेले. विजयी मुद्रेने वाटले. दंतवैद्याचे तसेच पालथे पडलेले.

"उचल की. मुहूर्त पाहतोस काय?" — मी.

त्याने खिशातून हात काढले. पत्ते उचलले. ते त्याच्या बोटांत फडफडू लागले, मग निसटून टेबलभर, जमिनीवर.

"रंगकाम वगैरे काही नाही," तो म्हणाला. "या हातांनी कुणाच्या हिरडीत सुई टोचू?"

औषधवाला खाली वाकून पत्ते गोळा करीत होता. दंतवैद्याच्या गोळ्या त्याच्याच दुकानातून जातात. त्याला आधीपासून ठाऊक. खालूनच म्हणाला, "गोष्ट सांगायला हात लागत नाहीत, म्हणून काढलं होतं हे."



शनिवार, ६ जुलै

गटारात उतरलो. गाळ गुडघाभर, दुर्गंधी पूर्ववत. मेहुण्याने ओला केलेला फासा न पुसता उचलला. आधी मांत्रिकासाठी टाकला, मग माझ्यासाठी.

माझा परशू चुकला. मंत्र लागला.