इंधनमार्ग तपासला, ठीक

२ जुलै २००७, सोमवार

रामस्वामीची व्हॅन आली. इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. स्कॅनर जोडला – पी ००८७. म्हणजे इंजेक्टरकडे डिझेल पुरेशा दाबाने पोचत नाही. दाबाचा सेन्सर बदलला, कोड पुसला, दिवा गेला. चाळीस मिनिटं! पुण्याचं तीन आठवड्यांचं ट्रेनिंग फुकट नाही गेलं.

कृष्णस्वामी शेजारी उभे होते. आमचे जुने मेकॅनिक. तंजावरचे, मराठी! तमिळ मुलुखातल्या या वर्कशॉपात माझ्याशी मराठी बोलणारं दुसरं कोणी नाही. पण ती मराठी बखरीतली. "पेटी दुखतें कोठें तें सांगते रे रत्नाकरा. कां दुखतें, तें नाही सांगत." स्कॅनरला ते पेटी म्हणतात. मी मान डोलावली. उगाच वाद कोण घालणार!

५ जुलै

जेवताना कृष्णस्वामींनी डब्यातला दहीभात अर्धा माझ्या ताटात घातला. म्हणाले, "घरचीं पोरें तमिळच बोलतात. तूं आलास म्हणून माझी जीभ सुटली." निवृत्तीला चौदा महिने राहिलेत त्यांच्या.

९ जुलै, सोमवार

व्हॅन परत! कोड तोच. रामस्वामी स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर – अड्यार भागातल्या ऑफिसांची माणसं नेतो-आणतो. म्हणाला, अर्धा तास चालली की ताकद जाते, बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू.

ते ऐकताच कृष्णस्वामी म्हणाले, "टाकींत कांहीं पडलें आहे. इंजिन डिझेल ओढतें, तेव्हां तें नळीच्या तोंडास चिकटतें. इंजिन थांबलें कीं सुटून खालीं पडतें. आधीं टाकी उतरव."

टाकी उतरवायची म्हणजे अर्धा दिवस! बाहेर सात गाड्या, आणि मॅनेजर महेश सर केबिनच्या काचेतून घड्याळ बघतायत. मी कृष्णस्वामींना फक्त फिल्टर बदलायला सांगितलं. म्हातारा सटकलाय. आता यांना घरी बसवायला हवं.

जॉबकार्ड इंग्रजीत असतं. कृष्णस्वामींना इंग्रजी वाचता येत नाही. ते मला मराठीत सांगतात, मी लिहितो, ते खाली तमिळमध्ये सही करतात – दोन वर्षं असंच चाललंय. आज टाकीचं लिहिलं असतं तर कार्ड बंद करता आलं नसतं. मी लिहिलं, 'इंधनमार्ग तपासला, ठीक.' त्यांनी सही केली. काय लिहिलंय, विचारलंसुद्धा नाही. कोड पुसला. गाडी दिली.

१२ जुलै

उकाडा. अकरा गाड्या. सगळी कार्डं बंद.

१७ जुलै, मंगळवार

रामस्वामीची व्हॅन अड्यारच्या पुलावर अचानक बंद पडली. मागून लॉरी आदळली. आत प्रवासी नव्हते, तेवढंच नशीब. रामस्वामीचा उजवा पाय मांडीत मोडलाय.



१८ जुलै

व्हॅन ओढून आणली. टाकी कृष्णस्वामींनीच उतरवली. आत प्लॅस्टिकचा पातळ तुकडा निघाला – तळहाताएवढा, कुठल्याशा कॅनच्या झाकणाखालचा. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२० जुलै, शुक्रवार

महेश सरांनी कार्ड मागवलं. मोठ्याने वाचलं. खाली सही कोणाची? कृष्णस्वामींची. टाकी न बघता 'ठीक' म्हणून सही केलीत?

कार्डावर काय आहे ते कृष्णस्वामींना तेव्हा कळलं. तमिळमध्ये म्हणाले, मी टाकी उतरवायला सांगितलं होतं. सरांनी विचारलं, कोणाला? त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "आठवत नाही, सर."

आठवत नाही! मला! गेल्या वर्षीच्या गाड्यांचे कोड तोंडपाठ असलेल्या मला!

त्यांना निलंबित केलं. सोमवारी तीसला चौकशी. दोष ठरला तर काढून टाकणार. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर.

२४ जुलै

आईचा फोन. नोकरीत कायम झाल्याचं पत्र कधी येणार? ऑक्टोबरात, म्हणालो. आवाज नीट ठेवला.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. रामस्वामीचा पाय वजनं लावून टांगलेला. तुम्ही एवढे येऊन गेलात सर, म्हणाला, आणि बायकोला माझ्यासाठी कॉफी आणायला पाठवलं. मला ती प्यावी लागली. बाहेर येऊन जिन्यातच बसलो. फार नीच माणूस आहे मी.

२७ जुलै

मागची पानं चाळली. ९ जुलै. सगळं आहे इथे! त्यांचं वाक्य जसंच्या तसं. दुसरीकडे कुठेच नाही – कार्डावर नाही, आणि कोडही मीच पुसून टाकलेले.

पान फाडता येईल. किंवा न फाडता चौकशीला नेता येईल. तिथे मराठी कोणाला येते? मीच वाचणार, मीच इंग्रजीत सांगणार. टाकीचं वाचायचं, कार्डाचं वाचायचं, मधलं 'म्हातारा'वालं गाळायचं. महेश सरांना पत्ताही लागणार नाही.

पण कृष्णस्वामी समोर बसलेले असणार. त्यांच्यासमोर पुन्हा खोटं वाचू?

३० जुलै, सोमवार

वाचलं. एक वाक्य मराठीत, एक इंग्रजीत. एकही गाळलं नाही. 'म्हातारा सटकलाय, घरी बसवायला हवं' – महेश सरांना त्याचं इंग्रजी होईपर्यंत थांबावं लागलं. कृष्णस्वामींना नाही. ते टेबलावरच्या कार्डाकडे बघत राहिले.

३१ जुलै

कृष्णस्वामींची नोकरी राहिली. माझी गेली. योग्यच झालं.

निघताना त्यांच्या बाकापाशी गेलो. "येतो, मामा," म्हणालो. त्यांनी कापडाला हात पुसले, उठून उभे राहिले.

"सरि, सार. पोयिट्टु वांग."

बरं साहेब, या. एवढंच. तमिळमध्ये.