विहिरीत उतरण्यापूर्वीची निरवानिरव

।। श्री ।।

मी, नरहर दौलतराव वैरागडे, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा मोटारपंप व स्टोव्ह दुरुस्ती, राहणार सेलू, जिल्हा वर्धा, आज विजयादशमीच्या सकाळी अंघोळ व देवपूजा आटोपून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, प्रकृती ठणठणीत आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही. पत्नीचा आग्रह आहे, पण कायद्याच्या भाषेत त्याला दबाव म्हणत नाहीत, असे वकिलांनी सांगितले. वकील स्वतः संसारी आहेत, म्हणून त्यांचे मत मी मानले.

धडधाकट माणूस सणाच्या दिवशी हे का लिहीत बसला, असे वाचणाऱ्याला वाटेल. कारण असे की, आज दुपारी मी आमच्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीत पाण्याखाली जाणार आहे आणि तिथे श्वास घेणार आहे. ज्या यंत्रातून घेणार ते मीच दुरुस्त केलेले आहे. सुमतीला, म्हणजे माझ्या पत्नीला, हे मंजूर नव्हते. शेवटी ती म्हणाली, "पयले लिहून ठेवा, मंग खुशाल उतरा. तुम्ही पाण्यात अन् मी तहसीलीच्या पायऱ्यावर, असं मले नाई जमत." तिचे म्हणणे रास्त आहे.

कलम १. सेलू येथील राहते घर सुमतीचे. तिच्या हयातीत त्यावर कोणी हक्क सांगू नये. मागचा दरवाजा पावसाळ्यात फुगतो, त्याला रंधा मारू नये. थंडी पडली की आपोआप बसतो. माणसांचेही बहुधा तसेच असते. धीर मात्र धरावा लागतो.

कलम २. शेत मुलगा निकेश व मुलगी रक्षा यांना निम्मे निम्मे. मुलीचा वाटा तिच्या लग्नात उरकला, असे पुढे कोणी म्हणू नये. तिचे लग्न अजून व्हायचे आहे आणि तिला घाई नाही. विहीर दोघांची सामाईक.

कलम ३. पोस्टातले जे असेल ते सुमतीने काढावे आणि वाटेल तसे खर्चावे. तिला एकदा समुद्र पाहायचा आहे. मलाही पाहायचा आहे, पण हे माझ्या पश्चातचे कलम आहे, म्हणून माझा उल्लेख करत नाही.

कलम ४. बस स्टँडजवळचे दुकान व मोटारपंपाची सगळी अवजारे निकेशला. तो बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिथल्या साहेबाशी त्याचे बिनसले तर दुकान उघडे आहे, एवढे त्याने लक्षात ठेवावे. लाकडी पेटीतली बारीक अवजारे यात धरू नयेत. ती यंत्राबरोबर जातील.

कलम ५. माझी खंजिरी प्रार्थना मंडळाला. मात्र ती लक्ष्मणरावांच्या हाती देऊ नये. माणूस देवभोळा आहे, पण ताल धरला की भजन आणि तो वेगवेगळ्या गावाला निघतात. हे मी त्यांना तोंडावर कधी बोललो नाही. आता वाचतील.

कलम ६. यंत्राविषयी. हे कलम लांबणार आहे.

सुमतीचे थोरले बंधू सदाशिवराव विशाखापट्टणमच्या बंदरात पाणबुड्यांच्या हाताखाली नोकरीला होते. आमच्या लग्नात त्यांनी मला ट्रान्झिस्टर कबूल केला होता. तो आला नाही. बरीच वर्षे मी दर सणाला त्यांच्यापुढे हवामानाच्या बातम्यांची चौकशी करत असे. ब्याण्णव साली ते निवृत्त होऊन सेलूला परतले आणि एक ट्रंक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "घ्या जवाईबापू, तुमचा रेडिओ."

आत पितळेचा, कल्हई उडालेला, पुरणाच्या डब्याएवढा गोल डबा होता. त्याच्या दोन्ही अंगांनी वळ्यावळ्यांच्या दोन जाड रबरी नळ्या निघून पुढे दातांत धरायच्या एका रबरी तोंडीला मिळत होत्या. पाणबुड्याच्या पाठीवर हवेचे सिलेंडर, त्याच्या माथ्यावर, मानेच्या मागे, हा डबा. उजव्या नळीतून हवा तोंडात येते, सोडलेला श्वास डाव्या नळीतून परत डब्यात जातो आणि मानेमागून बुडबुडे निघतात. आता एका नळीची यंत्रे आली, ही कोणी वापरत नाही, म्हणून भंगारात निघाली होती. शेजारचे शिंपी रूपराव यांनी ते पाहून विचारले, "काऊन रे नरहर, सेलूत नळाले पाणी नाई अन् तू पाण्यात जायची मशीन बनवून राह्यला?" मी डब्याचे झाकण उघडायला घेतले.

डबा उघडला तेव्हा आत हिरवा गंज होता. चिंचेच्या पाण्यात तो उतरला. आतला रबरी पडदा पापडासारखा झाला होता. सायकलच्या ट्यूबचा पडदा कापून पाहिला, जाड पडला. नागपूरहून पातळ रबर आणून कापला, तो बसला. पडदा आत ओढला की एक तरफ दबते, तरफ दबली की हवा सुटते. एवढेच. स्टोव्हच्या पिनेपेक्षा यात अवघड काही नाही, फक्त हे चुकले तर चहा नव्हे, माणूस जातो.

पहिले यंत्र सुधारल्यावर सदाशिवरावांच्या ओळखीच्या जुन्या पाणबुड्यांनी आपापल्या माळ्यावरची काढली. विशाखापट्टणमहून, कोचीनहून, मुंबईहून कापडात शिवलेली पार्सले सेलूच्या पोस्टात येऊ लागली. समुद्र न पाहिलेल्या माणसाकडे समुद्रातली यंत्रे येतात, याचे पोस्टमास्तरांना नवल वाटे. मलाही वाटते. नागपूरहून हवा भरलेले सिलेंडर एसटीने आणताना कंडक्टरांशी झालेली भांडणे इथे लिहीत नाही. त्यांना ते स्वयंपाकाच्या गॅसचे वाटते आणि त्यांची चूक नाही.

कलम ७. पुढे जो कोणी हे काम करील त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात.

सिलेंडरमध्ये स्वच्छ हवाच भरावी, दुसरे काही नाही. आत जवसाचे, खोबऱ्याचे, कुठलेही तेल घालू नये. वास श्वासात उतरतो आणि रबर खराब होते. नळ्या उन्हात टांगू नयेत.

जुळवणी अशी करावी. सिलेंडरला जोडलेला डबा पाण्याच्या टाक्यात हळूहळू बुडवावा, तोंडी पाण्याबाहेर ठेवावी. डब्यावर दोन बोटे पाणी चढले की हवा सुरू व्हायला हवी. आधी झाली तर यंत्र उधळे, उशिरा झाली तर कंजूष. तरफ केसाएवढी वाकवून मधला स्वभाव आणावा. रक्षा हे कानाने ओळखते. लहानपणी अभ्यास करता करता आतल्या खोलीतून सांगे, "बाबा, हे कंजूष हाय." तिचे चुकत नसे.

आता पूजेविषयी. गेल्या वर्षी खंडेनवमीला सुमतीने माझ्या सगळ्या अवजारांसोबत, पार्सल करायला ठेवलेल्या एका यंत्रालाही हळद, कुंकू, फूल आणि अक्षता वाहिल्या. श्रद्धेने वाहिल्या, मीही हात जोडले. नंतर शेवटची म्हणून टाक्यात परीक्षा घेतली, तर तोंडीत पाणी. डब्यात सोडलेला श्वास बाहेर जाण्यासाठी रबराची एक चपटी चोच असते, बदकाच्या चोचीसारखी. श्वास गेला की ती मिटते आणि पाणी आत येऊ देत नाही. मी पडदा बदलला, नळ्या बदलल्या, पाणी येतच राहिले. बऱ्याच दिवसांनी भिंग लावून पाहिले तर चोचीत तांदळाचा एक दाणा. डब्याच्या भोकातून आत गेलेला, भिजून फुगलेला, कुंकवाने लाल. बदकाने दाणा टिपला होता आणि सोडत नव्हते.

मी सुमतीला जरा मोठ्या आवाजात बोललो. ती शांतपणे म्हणाली, "देवाले तांदूळ चालते, तुमच्या मशीनले चालत नाई. मंग दोघायत मोठं कोन?" त्यावर मी प्रार्थनेला निघून गेलो.

तरी नियम असा, की दसऱ्याला यंत्राजवळ आपट्याचे पान ठेवावे आणि हातभर अंतरावरून नमस्कार करावा. अक्षता मुळीच वाहू नयेत. हे कलम सुमतीने अद्याप मान्य केलेले नाही.

कलम ८. यंत्र कोणाचे.

मी आजवर लोकांची बरीच यंत्रे श्वासाला लावली, पण पाण्याखाली एकदाही गेलो नाही. सदाशिवराव यंदा पोळ्याला जेवायला आले तेव्हा भरल्या ताटावर बसून म्हणाले, "जवाईबापू, सैपाकीन चाखल्याबिगर वाढत नाई. तुम्ही लोकायले श्वास वाढून राह्यले, सोता कधी चाखला का?" संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेत डोळे मिटून आपण श्वासाकडे लक्ष देतो, तेव्हाही तोच प्रश्न समोर. ज्याच्या भरवशावर दुसऱ्याला खाली पाठवतो, त्याच्यावर माझा स्वतःचा भरवसा आहे की नाही? हे पाहिल्याशिवाय पुढचे पार्सल शिवायचे नाही, असे ठरवले.

सुमती नदीकाठची. त्यांच्या गावच्या मुली कमरेला भोपळा बांधून पोहायला शिकत. मी विहिरीत पायरी धरून पोहणारा. ती म्हणते, "मशीनचं भेव नाई मले. तुमचं वाटते. तुमाले तं भोपळ्याचाही भरोसा नाई." त्यामुळे कमरेला दोर राहील, वर सदाशिवराव राहतील, आणि वर येताना श्वास रोखायचा नाही हे त्यांनी माझ्याकडून जपासारखे म्हणवून घेतले आहे.

तर पहिले यंत्र, बारीक अवजारांच्या पेटीसह, यापुढे कोणाचे? निकेशला दिले तर तो विकील. तो तसे स्पष्ट सांगतो, म्हणून राग नाही. सदाशिवराव म्हणतात ते मूळचे त्यांचे. मी म्हणतो ते माझ्या ट्रान्झिस्टरचे. म्हणून असे ठरवतो की, माझ्यानंतर, मग मी जिवंत असो वा नसो, जी व्यक्ती प्रथम याच विहिरीत पाण्याखाली डोके घालून या यंत्रातून श्वास घेईल, तिच्या मालकीचे ते होईल. सदाशिवरावांना कानामुळे डॉक्टरांनी पाण्यात जायला मनाई केली आहे, हे मला माहीत आहे. रक्षा दिवाळीला वर्ध्याहून येणार आहे, हेही माहीत आहे. यापेक्षा जास्त लिहिणे शोभणार नाही.

फळीवरची इतर दोन यंत्रे लोकांची आहेत, ती पत्त्यावर परत पाठवावीत.

कलम ९. रूपरावांना माझा पंखा द्यावा, असा विचार होता. परंतु साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले, आणि रूपराव साक्षीदार व्हायला हौसेने तयार झाले. ज्या माणसाने या यंत्राला बारा वर्षे हत्तीची सोंड म्हटले, त्याचा प्रश्न असा परस्पर मिटला. पंखा निकेशला.

कलम १०. मी वर आलो नाही तर दोष यंत्राचा समजू नये, विहिरीचाही नव्हे. विहीर बाटली म्हणून उपसू नये, कांद्याला पाणी वेळेवर द्यावे. तेरवीला बुंदी करावी, कारण मला आवडते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रार्थना मंडळाचे अण्णाजी गुरुजी यांनी करावी.

हे सर्व वाचून, समजून, देवाला स्मरून सही केली.

नरहर दौलतराव वैरागडे

साक्षीदार: १. रूपराव शिंपी, सेलू  २. अण्णाजी गुरुजी, सेलू

सेलू, विजयादशमी, शके १९२६, दि. २२ ऑक्टोबर २००४, सकाळ

पुरवणी

त्याच दिवशी, विहिरीच्या काठी, ओल्या केसांनी लिहिलेली.

मी वर आलो आहे. कलम १० तूर्त बाजूला ठेवावे.

पाचव्या पायरीवर पाणी डोक्यावरून गेले. पहिला श्वास घेताना छाती नाही म्हणाली. मग हवा आली. थंड, कोरडी, थोडी रबराच्या वासाची. दोर ओढायचा विसरून मी तसाच राहिलो. खाली तोंड केले की यंत्र जरा हात आखडते, श्वास मागून घ्यावा लागतो. तोंड वर केले की मागायच्या आधीच भरभरून देते. सदाशिवराव सांगतात की या जातीच्या सगळ्याच यंत्रांचा असा स्वभाव असतो. मी तरफ वाकवून तो मोडणार नाही. वर विहिरीच्या तोंडाएवढे आभाळ होते आणि माझ्या श्वासाशिवाय कसलाही आवाज नव्हता. प्रार्थनेत जे इतकी वर्षे शोधले ते तिथे पायरीवर बसले होते.

वर आलो तेव्हा मी हसत होतो म्हणे. सुमतीने दोर हातातून सोडला नव्हता. तिने विचारले, "एवढं काय हाय खाली?"

मी सांगायचा प्रयत्न केला. जमले नाही.

"सांगता येत नसन तं सरका बाजूले," ती म्हणाली, आणि लुगड्याचा काष्टा घालून पायऱ्या उतरू लागली. सदाशिवराव मनाई करायला उठले, पण धाकट्या बहिणीचा चेहरा पाहून सिलेंडर तिच्या पाठीला बांधू लागले. ती माझ्यापेक्षा खोल गेली, माझ्यापेक्षा जास्त वेळ राहिली, आणि वर येताना श्वास न रोखता आली. मी काठावर दोर धरून उभा होतो. आज सकाळी तिला मृत्युपत्र का हवे होते, ते मला तेव्हा कळले.

तेवढ्यात रूपराव घसा खाकरून म्हणाले, "मी साक्षीदार हाओ. सही केली तं वाचून केली. कलम आठ काय म्हनते, नरहर?"

अण्णाजी गुरुजींनी कागद काढून मोठ्याने वाचले. कलम स्पष्ट आहे. सबब, यंत्र व बारीक अवजारांची पेटी आजपासून सुमतीच्या मालकीची. मी तिचा कारागीर म्हणून काम करीन. कलम ७ मधील पूजेचा नियम आता मालकिणीच्या मर्जीवर आहे.

कलम ९ मध्ये बदल: पंखा रूपरावांना आज, हयातीतच, हातोहात दिला. हयातीत दिलेल्याला साक्षीदाराची आडकाठी नाही, असे गुरुजी म्हणतात.

नरहर दौलतराव वैरागडे

साक्षीदार: १. रूपराव शिंपी (पंखा मिळाला)  २. अण्णाजी गुरुजी

विहीर, शिवार सेलू, विजयादशमी, दुपार

वरील मजकूर वाचून घेतला. मशीन माही हाय. दर दसऱ्याले कुंकू लावीन, माह्या हातानं, भोकं सोडून. तांदूळ वाहनार नाई. — सौ. सुमती नरहर वैरागडे