गाडीच्या दोन तास आधी

२ सप्टेंबर

ती. बाबांस व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमचं पत्र पोचलं. आईशी फोनवर बोलणं होतंच, पण फोनमध्ये तुम्हाला नुसती घरघर ऐकू येते, म्हणून तुमच्या वाटणीचं सगळं कागदावर. खरं सांगू का, मला हेच बरं वाटतं. पत्रात आईला मधेच तोंड घालता येत नाही.

बातमी अशी की, या महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मी चक्क सहलीला निघाले आहे. इथे परदेशात शिकायला आल्यापासून वर्ग, ग्रंथालय आणि खोली या तिन्हींपलीकडे मी गेलेच नव्हते. माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण, जिला मी वावटळ म्हणते, तिला हे बघवेना. (वावटळ अशासाठी की, आधी दार आपटतं, मग दोन बूट दोन दिशांना जातात आणि त्यानंतर ती दिसते.) एकदा बोलताबोलता मी तिला एका शहरातल्या पुलाबद्दल सांगितलं होतं. जुना लोखंडी पूल आहे. मोठी बोट आली की मधोमध उघडतो आणि त्याचे दोन्ही अर्धे वर उचलले जातात. आता तो आठवड्यातून एकदाच, रविवारी सूर्यास्ताच्या सुमारास उघडतात. आम्हाला पूल शिकवणारे सर त्याचं नाव काढलं की खडू खाली ठेवतात. वावटळीने ते लक्षात ठेवलं आणि काल गाडीची तिकिटं माझ्या उशीखाली सरकवली. इथे माझं म्हणावं असं एकच माणूस आहे आणि ते असं आहे.

काळजी नसावी. स्वेटर नेते आहे.

तुमची,
ठकी

१३ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

जरूर जा. पूल नीट बघ, आणि वर उचलताना त्याचा तोल कसा राखतात ते मला समजेल असं लिही. मी आयुष्यभर कारखान्यात पत्रे ठोकले, पण उभा राहणारा पूल कधी पाहिला नाही.

परतीच्या वेळी मात्र माझं ऐक. गाडीच्या दोन तास आधी स्टेशनवर पोचायचं. गाडी काही कुणाच्या बापाची नसते. आपल्या घरातल्या कुणाची गाडी आजवर चुकलेली नाही, ते नाव तुझ्या हाती आहे. मैत्रिणीला आशीर्वाद सांग.

तुझे,
बाबा

ता. क. आई लिहिते आहे: ठके, दोन तास आधी जाऊन काय करायचं तेही विचार यांना. इतक्या वर्षांत मी जेवढी गाडीत बसले असेन, त्याहून जास्त फलाटावर बसले आहे. हे मात्र मजेत, अनोळखी माणसांची सासरं-माहेरं विचारत हिंडतात. तू आपली वेळेवर जा. आणि पोटभर खा.

१ ऑक्टोबर

ती. बाबांस व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगितलं असतं तर रडले असते, म्हणून लिहिते.

शनिवार सुंदर गेला. पायांचे तुकडे पडेपर्यंत हिंडलो. एका गल्लीत फक्त खुर्च्या दुरुस्त करणारी दुकानं होती. तिथल्या म्हाताऱ्याने वावटळीला वेत विणायला बसवलं, आणि तिने इतका गुंता केला की तो बिचारा हसू दाबत खोकत राहिला. रात्री पांघरुणात शिरून आम्ही लहान मुलींसारख्या खिदळत होतो.

रविवारी संध्याकाळी नदीवर गेलो. माणसं कठड्याशी दाटीवाटीने उभी होती. बोट दूर वळणावर थांबलेली दिसत होती. आणि बाबा, मी सारखी घड्याळाकडे बघायला लागले. गाडीला अजून भरपूर वेळ होता, स्टेशन हाकेच्या अंतरावर होतं, पण माझं लक्ष पुलावर ठरेना. मी वावटळीला म्हटलं, निघू या. तिला आधी थट्टाच वाटली. मग तिने समजावलं, हात धरला, शेवटी चिडून विचारलं की तू पूल बघायला आली आहेस की फलाट. त्यावर मी जे बोलले ते लिहितानाही लाज वाटते. मी म्हटलं, तुझी घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून तुला गाडी चुकण्याचं काही वाटत नाही.

तिची आई ती शाळेत असतानाच गेली. वडिलांनी दुसरा संसार थाटला, आणि ती वसतिगृहात वाढली. हे तिने मला विश्वासाने सांगितलं होतं.

ती माझा हात सोडून पुलाकडे वळली. मी एकटी स्टेशनवर जाऊन बाकावर बसले. मागून नदीकडून लोकांचा आनंदाचा ओरडा ऐकू आला तेव्हा कळलं, पूल उघडला. वावटळ गाडी सुटायच्या जरा आधी आली, समोर बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. आता खोलीत दारही आपटत नाही. महिनाअखेरीस ती दुसरीकडे राहायला जाणार आहे, असं घरमालकिणीकडून कळलं. मी माफी मागायला तोंड उघडते आणि शब्द घशातच राहतात. मला स्वतःलाच कळत नाही मी अशी का वागले, तर तिला काय सांगू?

बाबा, गाडी चुकली नाही. घराण्याचं नाव राखलं.

तुमची,
ठकी

११ ऑक्टोबर

चि. ठकीस,
आशीर्वाद, आणि आज जरा जास्त.

तुझं पत्र वाचून मी अंगणात जाऊन बसलो. तू तशी का वागलीस ते मला कळलं. तुला कसं कळणार, ते माझं आहे.

तुम्हाला सगळ्यांना वाटतं की माझे कान निवृत्तीनंतर गेले. ते तू पाळण्यात होतीस तेव्हापासूनच जात होते. आमच्या खात्यात दिवसभर पत्र्यावर हातोडे. आम्ही कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलायचो, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. साहेबांना कळलं असतं तर कामावरून काढलं असतं, म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. घरी तोंडाकडे बघून निभत होतं. फलाटावर मात्र भोंग्यातून बोलणाऱ्याला तोंडच नसतं.

तू जेमतेम चालायला लागली होतीस तेव्हा तुला घेऊन मी एकटाच आत्याकडे निघालो. गाडी ऐनवेळी पलीकडच्या फलाटावर घेतली. तसं ओरडून सांगितलं असणार. सगळे जिना चढून गेले आणि मी तुला कडेवर घेऊन मोकळ्या फलाटावर खुशीत उभा. मनात म्हटलं, आज गर्दी नाही, ठकीला खिडकी मिळणार. समोरून गाडी निघून गेली आणि तू तिला हात हलवून टाटा केलास. घरी येऊन मी सांगितलं की गाडी रद्द झाली.

तेव्हापासून दोन तास आधी. आधी जायचं, त्याच गाडीचं एखादं कुटुंब हेरायचं, ओळख काढायची आणि ते उठले की उठायचं. लोकांना मी बोलका वाटलो. मी घाबरलेला होतो, पोरी. गाडी कुणाच्या बापाची नसते वगैरे मी तुम्हाला शिकवत राहिलो, आणि तुम्ही मुलांनी ते शहाणपण समजून उचललंत. तुझे कान शाबूत आहेत. माझी भीती तू कशाला वागवतेस?

जे बोललीस त्याची माफी मात्र तुझी तुलाच मागायला हवी, तिथे माझे कान आड आणू नकोस. घशातले शब्द सुंदर व्हायची वाट बघू नकोस, आहेत तसे सांग.

तुझे,
बाबा

आई लिहिते: पाकिटाला तिकीट लावायला घेतलं, सवयीने वाचलं, आणि तिथेच बसले. ठके, मलाही हे ठाऊक नव्हतं. मी जन्मभर यांना म्हणत आले की बायकोचं ऐकायचं नाही असा पणच केलाय तुम्ही. शेजारणींपाशी गाऱ्हाणी केली. यांनी सगळं ऐकून घेतलं असं लिहिणार होते, पण ऐकलं तरी कुठे! दुपारपासून यांच्याशी अबोला धरलाय. तो त्यांना अजून कळलेला नाही. मला खूप रडू येतंय आणि रागही येतोय. तू आधी त्या मुलीशी बोल.

४ नोव्हेंबर

ती. बाबांस व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

वावटळ इथेच आहे. आत्ताच दार आपटलं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ती कपाट रिकामं करत होती. मी तिच्या खोक्यावरच बसले, म्हणजे तिला सामान भरता येईना, आणि म्हटलं, मी तुला मुद्दाम लागेल तिथे बोलले आणि ते मला फार बोचतंय. एवढंच जमलं. ती बराच वेळ मोज्यांच्या जोड्या लावत बसली. मग म्हणाली की बोललीस ते खरंच होतं, म्हणून तर लागलं. मी म्हटलं ते खरं नाही, त्या दिवशी स्टेशनवर मी गाडीची नाही, तुझी वाट बघत होते. त्यावर ती रडली, आणि मीही.

मग तिने विचारलं, पण स्टेशनची एवढी धास्ती कसली? मी तुमचं पत्र जमेल तसं तिच्या भाषेत वाचून दाखवलं. मोकळ्या फलाटापाशी ती मोठ्याने हसली, टाटापाशी ती ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. घरमालकिणीला तिने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की राहते.

काल आम्ही पुन्हा गेलो होतो. बाबा, पूल पाहिला. आधी घंटा वाजते आणि रस्ता थांबतो. एक बाई सायकलवर एक पाय टेकून सफरचंद खात उभी होती. मग रस्ता मधून फाटतो आणि त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसकट वर चढू लागतो. प्रत्येक अर्ध्याच्या मागच्या टोकाला त्याला तोलून धरेल एवढा जड लोखंडी ठोकळा असतो. तो खाली जातो म्हणून हा वर येतो, यंत्राला फक्त ढकलावं लागतं. मी तोंड वासून बघत राहिले. पूल पुरता मिटेपर्यंत जागची हलले नाही, आणि वावटळ घड्याळ बघत मला ओढत होती! धापा टाकत गाडी गाठली.

एक मागणं आहे. वावटळीला कधी कुणाचं पत्र येत नाही. तिला एक ओळ लिहाल?

तुमची,
ठकी

२० नोव्हेंबर

चि. ठकी आणि चि. वावटळ, दोघींस,
अनेक आशीर्वाद. ठके, पोरीला नीट समजावून सांग, आपल्या मनाचं घालू नकोस.

आज मी लिहिते आहे, कारण हे आतल्या खोलीत मामाशी पत्ते खेळत बसलेत. आम्ही काल मामाकडे आलो. वावटळ बाळ, तुझे बूट दोन दिशांना जातात हे वाचून मला बरं वाटलं, आमच्या ठकीला शिस्तीची बाधा झाली आहे. सुट्टीत दोघी या. न आलात तर मी अबोला धरीन, आणि तो तुम्हाला नक्की ऐकू येईल.

आता प्रवासाचं. यंदा मी यांना घरातून लवकर निघूच दिलं नाही. भांडी आवरली, झाडांना पाणी घातलं, रिक्षा सावकाश बोलावली. हे दारात चपला घालून उभे, चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. फलाटावर पोचलो तर सवयीने एका कुटुंबाकडे वळायला लागले. मी बाही धरून बाकावर बसवलं. तेवढ्यात भोंगा वाजला, माणसं उठून जिन्याकडे धावली.

हे जागचे उठले नाहीत. माझ्याकडे वळले, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच यांनी मला विचारलं की काय सांगितलं.

मी तोंडासमोर तोंड आणून, सावकाश सांगितलं.

दोघींवर आहे ती माया तशीच राहणार, तुम्हीही राखा.

तुमची,
आई