पहिलं व्हर्जन लगेच घ्यायचं नसतं

८ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.४०.
सर्व्हर रूममध्ये उभा राहून चहा पीत बॅकअपचा मेसेज वाचत होतो. मेसेज नेहमीसारखा, 'बॅकअप यशस्वी'. तेवढ्यात आमच्या औषध एजन्सीच्या किशोर सरांचा मेल आला. आपल्या डेटाबेसचं नवं व्हर्जन बाहेर पडलं आहे. ते स्वतःच इंडेक्स बनवतं, स्वतःच दुरुस्ती करतं. खाली सरांनी एकच ओळ लिहिली होती, नईम हे, बघ. 'बघ'च्या आधी स्वल्पविराम नको, पण ते जाऊ दे.

मी शांतपणे तीन परिच्छेदांत उत्तर दिलं. आमच्या धंद्यातला नियम कळवला : पहिलं व्हर्जन लगेच घ्यायचं नसतं. लोकांचं जळू द्यायचं, पहिली दुरुस्ती येऊ द्यायची, मग घ्यायचं. शिवाय प्रत्येक नव्या व्हर्जनने ॲडमिनिस्ट्रेटरचं काम वाढतंच, हेही लिहिलं.

ऑक्टोबरअखेर माझा करार संपतो. या व्हर्जनमुळे तो दोन वर्षांचा होईल असा अंदाज.

संकल्प : नव्या व्हर्जनचं सर्टिफिकेट काढणे. बी.एस्सी.चे राहिलेले दोन विषय सोडवणे. दुपारी डबा सर्व्हर रूममध्ये न खाता बिलिंगवाल्यांबरोबर खाणे.

९ सप्टेंबर.
डबा सर्व्हर रूममध्येच खाल्ला. लक्ष ठेवणं भाग होतं.

१४ सप्टेंबर, रविवार.
सरांनी नियम ऐकला नाही. म्हणाले, आत्ता घेतलं तर तीन महिने पुण्याहून फुकट सपोर्ट आहे, तू घालून टाक. मी दिवसभराची तयारी करून गेलो. दोन डबे, टॉर्च, जाड सतरंजी. काम सव्वा तासात आटोपलं. लगेच घरी गेलो असतो तर काम सोपं वाटलं असतं, म्हणून संध्याकाळपर्यंत बसलो. दुसरा डबा वॉचमनने खाल्ला.

१५ सप्टेंबर.
सकाळपासून फोनवर एकही मेसेज नाही. फोन बिघडला असं वाटून मनमाडला अम्मीला लावून पाहिला. तिने आधी विचारलं, सगळं ठीक ना, कुणाला काही झालं का. म्हटलं, फोन तपासतोय. ती म्हणाली, मग तपासता तपासता दोन शब्द बोल. मी म्हटलं, सिस्टिम बिझी आहे.

नंतर मॅन्युअल वाचलं. नवं व्हर्जन अडचण असेल तरच मेसेज करतं. सगळं ठीक असेल तर गप्प बसतं. ही मोठी उणीव आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी.
दरवर्षीप्रमाणे सर्व्हरची पूजा. पहिल्या वर्षी सर म्हणाले होते, मशीन तुझी, नारळ तूच फोड, तेव्हापासून तो मान माझा. झेंडूचा हार पंख्यात अडकू नये म्हणून मी चिकटपट्टी लावतो. हे व्हर्जन कितीही हुशार असलं तरी करणार नाही.

बिलिंगचा धनराज म्हणाला, नईमभाई, यंदा नारळ मशीनपुढे कशाला, पुण्याच्या दिशेने फोडा, सपोर्टच्या मॅडम तिकडून बघत्यात. सगळे हसले. मीही हसलो, थोडं उशिरा.

४ ऑक्टोबर, शनिवार.
धक्कादायक. नव्या व्हर्जनने माझे अकरा इंडेक्स काढून टाकले. कारण दिलंय, 'वापरात नाहीत'. इंडेक्स म्हणजे पुस्तकामागची सूची; त्याच्यामुळे कुठलं औषध कुठे आहे ते झटकन सापडतं. त्यातला एक मी इथल्या पहिल्या आठवड्यात बनवला होता. विचारलंसुद्धा नाही.

सोमवारी सकाळी सटाणा आणि कळवणच्या दुकानांच्या ऑर्डरी एकदम कोसळतात, हे त्याला काय माहीत. ऑटोमॅटिक बंद केलं. त्याने बनवलेले इंडेक्स काढले, माझे परत घातले. सोमवारी चारला सरांशी कराराबद्दल बोलणं ठरलंय. हाताने केलेलं काम त्यांना तोवर दिसेल.

६ ऑक्टोबर, सोमवार.
दिसलं.

नऊ वाजता एक बिल निघायला पाच मिनिटं लागू लागली. सटाण्याची गाडी दारात उभी. तिकडच्या एका केमिस्टचा फोनवर फोन, इन्सुलिन संपलंय, पेशंट समोर बसलाय. धनराजने हाताने बिलं लिहायला घेतली आणि म्हणाला, नईमभाई, डेटाबेसमध्ये कार्बन पेपर असला तर द्या.

सरांनी पुण्याला फोन करून स्पीकरवर टाकला. सपोर्टच्या निकिता मॅडमनी विचारलं, ऑटोमॅटिक कुणी बंद केलं? मी म्हटलं, टेस्टिंगसाठी. त्या म्हणाल्या, ठीक आहे दादा, चालू करते. चहा निवायच्या आत सगळं धावायला लागलं. फोन ठेवताना म्हणाल्या, तुमचे इंडेक्स छान होते दादा, जुन्या व्हर्जनला.

पुण्याच्या तज्ज्ञाने कामाचं कौतुक केलं, तेही सरांसमोर. चारची बैठक सरांनी पुढे ढकलली. निवांत बोलायचं असावं.

१३ ऑक्टोबर.
सर्टिफिकेटची परीक्षा. प्रश्न होता, ऑटोमॅटिक केव्हा बंद करावं? चार पर्यायांत 'शक्यतो करू नये' होतं. मी अनुभवावरून दुसरा निवडला. नापास. पेपर काढणाऱ्यांनी सटाणा पाहिलेलं नाही.

२७ ऑक्टोबर.
सरांनी केबिनमध्ये बसवलं. म्हणाले, नईम, तू काम वाईट करत नाहीस रे, कामच उरलं नाही. करार पुढे नाही. पण डिस्पॅचला फोनवर ऑर्डर घ्यायला माणूस हवाय, पगार कमी आहे, सगळ्यांच्या मधोमध बसावं लागेल. येतोस का?

मी विचार करून सांगतो म्हटलं. पहिली ऑफर लगेच घ्यायची नसते. दोन-तीन दिवसांत सुधारून येईल.

बाहेर धनराज थांबला होता. म्हणाला, हो म्हणून टाक भावा, माझ्या शेजारचीच खुर्ची आहे, डबा तरी सोबत खाऊ. मी त्याला नियम समजावून सांगितला.

३० ऑक्टोबर.
हो म्हणायला गेलो. भरती काल झाली. सर म्हणाले, दोन दिवस वाट पाहिली रे, मला वाटलं तुला कमीपणा वाटला. मी म्हटलं, तसं नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.१०.
किल्ली दिली. सर्व्हर रूममध्ये उद्यापासून खोकल्याच्या औषधाचे खोके ठेवणार, एसी आहे म्हणून. धनराजने टपरीवर चहा पाजला. डिस्पॅचच्या नव्या मुलीबद्दल सांगत होता, सारखी हसते म्हणे. अम्मीला फोन केला. तिने विचारलं, काय तपासतोयस? म्हटलं, काही नाही. बराच वेळ बोललो.

खर्च : परीक्षेची फी ९,५००. मनमाडचं तिकीट ६५.
देणे : खोलीभाडे ४,५००. अम्मीचे ६,०००. धनराजचा एक चहा.
येणे : काही नाही.