कासार आंबोलीचा असेम्ब्ली पॉइंट

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ३.१५

आज सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी भूकंप झाला. मुळशीत! पिरंगुटच्या कंपनीत सत्तावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. मॉक ड्रिल घेऊन घेऊन घसा बसला, पण तेव्हा पत्र्याची शेडसुद्धा कधी हलली नाही. रिटायर होऊन आठ महिने झाले नाहीत तोवर हा आला. टायमिंग म्हणून काही असतं की नाही?

मी तेव्हा स्कूटरवर होतो. इमर्जन्सी टॉर्चचे सेल आणायला पिरंगुटला चाललो होतो. म्हणजे तयारीतच होतो.

परत आलो तर दार सताड उघडं, शुभांगी घरात नाही. सापडली शेजारच्या रत्नाबाईंच्या खळ्यावर. आमची सगळी वाडी तिथे. भाताचा पेंढा रचलाय त्याच्या कडेला सगळे बसलेले आणि सगळे एकदम बोलतायत. रत्नाबाईंच्या मांडणीवरचे तांबे खाली आले, म्हणे. शेरडं राखणारा बहिरू म्हणाला, समद्यात आधी माज्या शेरडास्नी कळलं. शुभांगीचा हात रत्नाबाईंनी धरून ठेवला होता. मी आल्यावरही सोडला नाही.

शुभांगीने विचारलं, कुठे होतात, चार फोन केले. म्हटलं, गाडी चालवताना फोन घेत नाही. नियम आहे. मग म्हणाली, तुम्हाला जाणवला का? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

म्हटलं, जाणवला म्हणजे काय!

नोंद, फक्त इथे: त्या रस्त्याचं काँक्रीटचं काम सहा महिने चालू आहे. तिथे स्कूटर रोजच हलते. आज नेहमीपेक्षा जास्त हलली का, ते नक्की सांगता येत नाही. पण कमी हलली असंही म्हणता येत नाही.

१२ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.३०

टीव्हीवर सांगितलं, तीन पॉइंट एक. 'सौम्य धक्का'. सौम्य म्हणे. स्टुडिओत बसून बोलायला काय जातंय.

वैभवीचा बाणेरहून फोन. आईशी चाळीस मिनिटं, माझ्याशी एक. बाबा, आई एकटी होती, घाबरलीय, तिला इकडे माझ्याकडेच राहू दे. शुभांगी म्हणाली, बघते.

हे 'बघते' मला आवडलं नाही. रिटायर होऊन इथे बंगला घ्यायचा निर्णय माझा. तिला कोथरूडच हवं होतं. मीच म्हटलं होतं, गाव शांत आहे, सुरक्षित आहे, आणि मी आहे ना. ती गेली तर ही तिन्ही वाक्यं खोटी पडतात. शिवाय मला ती इथे हवी आहे. हे तिला सांगण्यापेक्षा आराखडा करणं जास्त परिणामकारक. उद्यापासून सुरू.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

'कासार आंबोली आपत्कालीन आराखडा, आवृत्ती १'. पानं चौदा. सकाळी सहापासून बसलो होतो, मध्ये फक्त पोहे.

असेम्ब्ली पॉइंट, म्हणजे धक्क्यानंतर सगळ्यांनी जमायची जागा: आमच्या गेटच्या आत, डावीकडे. निकष: मोकळी जागा, वर झाड नको, वर तार नको. झाड आहे. तारही आहे. त्याचं बघू.

शुभांगी म्हणाली, पण लोक आपोआप खळ्यावरच जातात की. तिला समजावलं की खळं हे डेसिग्नेटेड नाही. ती म्हणाली, मोठं आहे. म्हटलं, मोठं असणं हा एकच निकष नसतो.

कालचं नीट आठवून पाहिलं. हँडल डावीकडे ओढलं गेलं होतं. नक्की.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आराखडा घेऊन घरोघर फिरलो. रत्नाबाई म्हणाल्या, सायेब, जिमीन हालली की मानूस मोकळ्यात पळतंय, त्याला कागुद कशाला? बोलणं रोखठोक, पण प्रशिक्षणाचा अभाव. बहिरूने विचारलं, माजी शेरडं कंच्या पानावर हायेत? म्हटलं, पान नऊ. घरी येऊन पान नऊवर शेरडं घातली. आवृत्ती २.

लोक माझा अनुभव विचारत होते, म्हणजे मी सांगत होतो. स्कूटर कडेला घेतली, इंजिन बंद केलं, उतरलो, जमिनीला हात लावून पाहिला. शुभांगी मागे उभी होती ते लक्षात आलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, उतरला होतात का तुम्ही? म्हटलं, प्रोटोकॉल आहे तसा. ती मेथी निवडत बसली.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०

घरगुती उपाययोजना.

एक: शुभांगीच्या गळ्यात शिट्टी. तिने ती वाजवून मेथीच्या वाफ्यातून बहिरूचं बोकड हाकललं. म्हणजे शिट्टी चालते.

दोन: टीव्हीच्या कपाटावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. पाणी हललं की धक्का. दर अर्ध्या तासाने निरीक्षण.

१७ फेब्रुवारी. दुपारी २

शुभांगीने त्याच पाण्याने बीपीची गोळी घेतली. निरीक्षण खंडित.

ती हल्ली दुपारी रत्नाबाईंकडे असते. गव्हाचा चीक, कुरडया, असं काहीतरी चालू आहे. तिकडे बसलं की बरं वाटतं म्हणे. मी विचारलं, तिकडे सेफ्टीची नेमकी व्यवस्था काय? म्हणाली, माणसं आहेत.

माणसं ही व्यवस्था नव्हे. माणसं तर अव्यवस्थेचं मूळ असतात. सत्तावीस वर्षं बघितलंय मी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ग्रामपंचायतीच्या बैठकीत नळाच्या विषयानंतर मला पाच मिनिटं दिली. धक्का कसा ओळखावा हे टेबल हलवून दाखवलं. सरपंचांचा चहा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर गेला. प्रात्यक्षिक एकदम परिणामकारक. आणखी तीन मिनिटं मागितली, मिळाली नाहीत.

रविवारी संध्याकाळी पाचला मॉक ड्रिल. शिट्टी वाजली की सगळ्यांनी असेम्ब्ली पॉइंटवर. सगळे म्हणाले, येतो की. हात वर करून म्हणाले.

वैभवी रविवारीच आईला न्यायला येतेय. 'थोडे दिवस' म्हणाली. मला माहितेय हे थोडे दिवस. तिला सांगितलं, पाचच्या आधी ये, तुझ्या बापाने गाव कसं तयार केलंय ते डोळ्यांनी बघ, मग ठरव. शुभांगीला म्हटलं, तूही तेव्हाच ठरव. ती म्हणाली, बरं. 'बघते'पेक्षा 'बरं' बरं.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.३०

पिरंगुटहून बोर्ड आला. हिरवा, पांढरी अक्षरं, पळता माणूस, बाण. पेंटरला सांगितलं होतं बाण डावीकडे. त्याने उजवीकडे काढलाय. आमच्या भिंतीवर लावला की बाण थेट रत्नाबाईंच्या खळ्याकडे. उलटा लावून पाहिला, माणूस डोक्यावर पळतो. असू दे. अक्षरं महत्त्वाची.

हॅमर ड्रिल घेऊन आता बसवतो. शुभांगी कुरडयांकडे. तिला म्हटलं, पाचला शिट्टी ऐकलीस की धावत ये. मान हलवली.

२३ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.२०

बोर्ड बसला. कंपाउंडचं काँक्रीट फर्स्ट क्लास निघालं. चार भोकांना पाऊण तास. ड्रिल असं थरथरत होतं की हातच काय, दातसुद्धा हलले. डोक्यापासून पायापर्यंत सिमेंट.

बरोबर पाचला शिट्टी. तीनदा. नंतर आणखी तीनदा.

एकही माणूस नाही! शुभांगी नाही. वैभवीची गाडी गेटबाहेर उभी, दार उघडं, आणि ती नाही. एक कुत्रं आलं, बोर्डापाशी पाय वर केला आणि गेलं.

हाच आपल्या समाजाचा प्रॉब्लेम. शिस्त नाही, वेळेची किंमत नाही. हात वर करून येतो म्हणतात. आता जाऊन एकेकाला जाब विचारतो.

२३ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

सगळे खळ्यावर होते.

गेलो तो हातात ड्रिल, गळ्यात शिट्टी. म्हटलं, हा काय प्रकार आहे, ड्रिल माझ्या गेटपाशी ठरलं होतं. रत्नाबाई म्हणाल्या, आता कसली डिरील सायेब, जिमीन हालली न्हवं का मगाशी. पावनेपाचला. पैल्यापेक्षा लई जोरात.

दुसरा झाला होता.

वैभवी नुकती गाडीतून उतरत होती. आई म्हणून ओरडली. शुभांगी आणि रत्नाबाई दोघी धावत रस्त्यापर्यंत आल्या आणि तिला हाताला धरून खळ्यावर घेऊन गेल्या. तिथे बहिरूने सगळ्यांना मोजलं. शेरडं मोजतो तसं, दोन दोन बोटांनी. चौतीस. सगळी हायेत म्हणाला.

मी म्हटलं, हो, मलाही जाणवलाच. वैभवीने माझ्या केसांतल्या सिमेंटकडे पाहिलं, मग ड्रिलकडे. आईवर गेलीय.

बहिरूला बाजूला घेऊन विचारलं, चौतीस म्हणजे मला धरून की सोडून? त्याने जरा विचार केला. म्हणाला, तुमास्नी न्हाई धरलं. तुमचं मशीन चालू हुतं न्हवं.

शुभांगीला विचारलं, आपला माणूस कमी आहे हे तुझ्या लक्षात आलं नाही? तशी शांतच होती. म्हणाली, घरर्‌ घरर्‌ ऐकू येत होतं. म्हणजे तुम्ही ठीक होतात.

तांत्रिकदृष्ट्या हे मान्य करावं लागेल. आवाजावरून खात्री. आवृत्ती ३ मध्ये घालता येईल.

उद्या घालतो. आता नको वाटतंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२

वैभवी रात्री राहिली. सकाळी चहाच्या वेळी तिने आईला विचारलं, मग, निघायचं ना? मी कप खाली ठेवला.

शुभांगी म्हणाली, मी नाही येत गं. इथेच बरी आहे मी. दोनदा जमीन हलली, दोन्ही वेळा माझ्याजवळ माणूस होतं.

मी खुर्चीवरून अर्धा उठलो. जिंकलो होतो! सत्तावीस वर्षांत असा आनंद झाला नव्हता. म्हटलं, बघ वैभवी, मी काय म्हणत होतो.

शुभांगीने चहा ओतता ओतता पुढचं वाक्य म्हटलं. तुला न्यायचंच असेल तर बाबांना ने थोडे दिवस.

मग वैभवी म्हणाली, चालेल.

मी शुभांगीला सांगितलं की माझी इथे गरज आहे, तिसरा धक्का कधीही येऊ शकतो. ती म्हणाली, तुम्हाला पहिले दोन तरी कळले का? रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि चहाचा घोट घेतला.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. नाही कळले. दोन्ही वेळा काहीच कळलं नाही. ती एकटी घाबरली होती तेव्हा मी रस्त्यावर सेल आणायला चाललो होतो, आणि काल तिच्यापासून चाळीस पावलांवर भिंतीला भोकं पाडत होतो. वाईट वाटतंय.

अर्थात बाणेरच्या अकराव्या मजल्यावर धक्का जास्त जाणवतो, हेही खरं. आणि त्या सोसायटीचा आराखडा बहुतेक नसेलच.

बॅग शुभांगीनेच भरली. चार जोड घातलेत, बाकीचे लागले तर कळवा, म्हणाली. किती दिवसांसाठी, असं विचारलं. म्हणाली, बघते.

गाडी खळ्यावरून निघाली. तिथे चादरींवर कुरडया वाळत होत्या, बायका कडेला बसल्या होत्या. मी काच खाली करून हात हलवला. शुभांगीनेही हात वर केला. मला भरून आलं. मग लक्षात आलं, ती कावळा हाकलत होती.