उजवी कळी, डावी कळी

२४ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

डावा डोळा गेला. डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही — दगडाने बुबुळ फुटलं, आता काही होणार नाही. गौरव बावीस वर्षांचा आहे. मी अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं तोलते, त्यांना डोस पाजून आणते, आणि माझंच पोर असं!

रविवारी संध्याकाळी तिठ्यावर झालं. आमच्या वाडीतल्या रितेशने शिमग्याच्या नावाखाली स्पीकर लावला, तोही नेमका मोहल्ल्यातल्यांच्या रोजा सोडायच्या वेळेला. ते बंद करा सांगायला आले. मग शिव्या, मग दांडे, मग दगड. त्यांच्या एका बाईचं डोकं फुटलं. आधी कोणी मारलं? जो तो वेगळं सांगतो. गौरव तिथे कशाला मरायला गेला होता, ते कोणीच सांगत नाही. मला एवढंच कळतं की दगड मोहल्ल्याच्या बाजूने आला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मोहल्ल्यातला शरफूचाचा परकार इस्पितळात आला होता. सफरचंदं घेऊन. पंच्याहत्तरीचा म्हातारा, रोजा धरलेला, एस्टीने धक्के खात आला. गौरवला लोट्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत त्यानेच चिकटवलं होतं. मी त्याच्या हातातून पिशवी ओढली आणि जिन्यावरून खाली भिरकावली. तो वाकून एकेक सफरचंद गोळा करत बसला. "पोरी, माझ्या घराला शिव्या घाल, पण दोन घास खा," म्हणाला. मी तोंड फिरवलं.

संध्याकाळी कळलं — चाचाचा मुलगा टेम्पो घेऊन खेडहून येत होता, रितेशच्या टोळीने त्याला पुलाजवळ गाठलं. सळईने दोन्ही हात मोडले. ऐकून मला बरं वाटलं. खरंच वाटलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच नाकारीन.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक. चहा, भाषणं, एकमेकांकडे न बघता हात मिळवणं. फौजदार म्हणाला, पालखीचा रस्ता आत्ताच ठरवा.

आमच्या देवीची पालखी दर शिमग्याला परकारांच्या अंगणात थांबते. मशालीचं तेल त्यांच्या घरचं, पहिला नारळ त्यांचा. पणजोबांच्या आधीपासून हा मान आहे. रितेश म्हणाला, यंदा नाही. चाचा म्हणाला, पालखी दारात आली नाही तर मोहल्ल्यातली तरणी पोरं माझं ऐकणार नाहीत. दोन तास हीच रड! शेवटी सगळ्यांना पटलं ते एकच — कौल लावा, देवीला विचारा. मोहल्ल्यातल्यांनीसुद्धा मान डोलावली. देवी हो म्हणाली तर भांडण मिटलं, नाही म्हणाली तर आमचे हात मोकळे, असं रितेश तोंडावर बोलला. फौजदाराने नुसतं ऐकून घेतलं.

कौल लावणार आमचे हे. रावजी गुरव — तोंडाने मी नाव घेत नाही, वहीत घेते. तीस वर्षांत त्यांनी खोटा कौल दिला नाही. सख्ख्या भावाच्या विरुद्ध गेला तोही जसा लागला तसा सांगितला, भाऊ अजून बोलत नाही. म्हणून तर दोन्हीकडचे लोक त्यांच्या शब्दावर थांबलेत.

१ मार्च, रविवार

गौरवला घरी आणला. आल्या आल्या त्याने आरशावर टॉवेल टाकला.

२ मार्च, सोमवार

कौलासाठी तगरीच्या कळ्या दर वेळी मीच काढते. रावजी त्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ताटात मी ज्या बाजूला ठेवते त्याच बाजूला ते लावतात, बघतही नाहीत.

आज उजवीकडे मी एवढीशी, हलकी कळी ठेवली. ती चिकटूनच बसणार. डावीकडे टपोरी ठेवली, जाड देठासकट. माझ्या पोराचा डोळा घेतला आणि त्यांच्याच अंगणात माझी देवी नाचायची? नाही नाचणार!

गाभाऱ्यात एकटे रावजी, बाकी गाव बाहेर मंडपात. बराच वेळ गेला. मग ते बाहेर आले. कळ्या मुठीत होत्या. "डावी," एवढंच म्हणाले. रितेशच्या पोरांनी ढोल बडवला. चाचा मागे खांबाला टेकून उभा होता, तो निघून गेला. घरी रावजी जेवले नाहीत. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

४ मार्च, बुधवार

चाचा मेला.

पालखी तिठ्यावर आली तेव्हा तो अंगण झाडून, तेलाचा डबा आणि नारळ घेऊन दारात उभा होता. कौल ऐकूनही! पालखी दुसरीकडे वळली. त्याने "रावजी" अशी एकदाच हाक मारली. रावजींनी मान वर केली नाही.

मग मोहल्ल्यातून दगड आले. पालखीच्या दांड्यावर एक बसला आणि आमची पोरं खाली धावली. आधी टेम्पो पेटवला, मग घर. भर दुपारी चारला. चाचाने बायकोला बाहेर काढलं आणि पुन्हा आत गेला, कारण मुलाचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये, त्याला कडी उघडता येईना. मुलाला त्याने उंबऱ्याबाहेर ढकललं. तेवढ्यात वरचे वासे खाली आले. मी पाखाडीच्या पायऱ्यांवर उभी राहून सगळं बघितलं. त्याचं ओरडणं थांबेपर्यंत पाय हलले नाहीत. बादलीभर पाणीसुद्धा मी नेलं नाही.

५ मार्च, गुरुवार

रितेशला धरला, आणखी सहा जणांना. गौरव भिंतीकडे तोंड करून पडलाय. चाचाला कोणी मारलं, विचारत होता. मी म्हटलं, आगीने.

६ मार्च, शुक्रवार

रावजींचे पाय धरले आणि सांगून टाकलं. कळ्या मी निवडल्या, डावी मी पाडली, देवीच्या तोंडात ‘नाही’ मी घातलं. वाटलं मारतील.

"उजवीच पडली होती, दमयंती," म्हणाले. "लावल्या लावल्या पडली. मला पोराचा डोळा दिसत होता."